हातच्याची वजाबाकी आणि भाजीवालीचे रबर

आमच्या दुसरीच्या वर्गात ५२ − २७ चं उत्तर निम्म्या मुलांचं ३५ यायचं. दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढून मोकळे! फळ्यावर कितीदा समजावलं, पण ‘हातचा’ कुठून येतो ते कुणाला दिसतच नव्हतं.

मस्जिद बंदरहून आईस्क्रीमच्या काड्या आणल्या. दहा-दहा काड्या फेविकॉलने चिकटवून झकास दशक बनवले. इथेच फसले. दशक सुटेच ना! एकाने तर मोडायला घेतला, काडीच तुटली.

मग दादरच्या भाजीवालीकडून मेथीच्या जुड्यांचे रबर मागून आणले. (पैसे घेतले नाहीत, मेथी मात्र घ्यावी लागली.) गठ्ठे रबरने बांधले. आता ५२ म्हणजे पाच गठ्ठे, दोन सुट्या. सात द्यायच्या तर सुट्या नाहीत. विचारलं, "बसमध्ये कंडक्टरकडे सुटे नसले तर?" मागून आवाज आला, "बाई, नोट मोडायची!" रबर काढला, चार गठ्ठे, बारा सुट्या. सात काढल्या, दोन गठ्ठे काढले, उरले २५. प्रत्येक पायरीला वहीत लगेच लिहायला लावलं. काड्या वेगळ्या आणि वही वेगळी ठेवली की मुलं दोन्ही जोडत नाहीत.

एक फायदा ध्यानीमनी नसताना झाला. ‘बावन्न’ ऐकून २५ लिहिणारी मुलं आता आधी गठ्ठे मोजतात. आपण बोलताना एकक आधी म्हणतो, लिहिताना दशक, गोंधळ होणारच.

रबर मात्र आठवड्याला डझनभर गायब होतात. मधल्या सुट्टीत कागदाच्या गोळ्या उडतात, त्यावरून कळतं कुठे जातात ते.