भाडेकरूवर केस आहे का, घरबसल्या कसं बघायचं

आपल्याकडे कुणाचंही नाव टाकलं की गुन्ह्यांची यादी येते असं काही नाहीये बरं का, पोलिसांचं सीसीटीएनएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींचं त्यांचं कॉम्प्युटर नेटवर्क, त्यांच्यापुरतंच. पण कोर्टातल्या केसेस फुकटात दिसतात. ई-कोर्ट्सच्या साइटवर जा, केस स्टेटसमध्ये राज्य, जिल्हा, कोर्ट निवडा, पार्टीचं (म्हणजे त्या माणसाचं) नाव आणि केसचं वर्ष टाका, पेंडिंग आणि निकाली दोन्ही बघा. वैताग असा की वर्ष एकेक करून टाकावं लागतं आणि स्पेलिंग जरा इकडंतिकडं झालं की काहीच सापडत नाही, म्हणून समजा आडनाव देशमुख असेल तर इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा. आणि नाव सापडलं म्हणजे तोच माणूस असं नाही हां, पाटील किती आहेत महाराष्ट्रात!

एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर मिळतो, सुप्रीम कोर्टाने 2016 मध्येच सांगितलंय की 24 तासांत अपलोड करा, फक्त लैंगिक गुन्हे वगैरे संवेदनशील सोडून. पण एफआयआर म्हणजे नुसती तक्रार, दोषी ठरला असा अर्थ काढू नका.

ड्रायव्हर किंवा कामवाल्या मावशी ठेवताना सरळ त्यांनाच चारित्र्य पडताळणीचा दाखला काढायला सांगा, अर्ज ऑनलाइन होतो, फी तुम्ही भरा.