उतारवयात आपल्याच घरात राहण्यासाठी घराची आणि स्वतःची तयारी

रात्री झोपेतून उठून पलंगापासून शौचालयापर्यंत जी दहा-बारा पावले टाकावी लागतात, तिथूनच या तयारीला सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वेळी डोळ्यांवर झोप असते, अंधार असतो, घाई असते, आणि आडवे असताना एकदम उभे राहिल्यामुळे रक्तदाब उतरून काही क्षण गरगरल्यासारखे होऊ शकते. घरातील इतर बहुतेक हालचाली यापेक्षा सोप्या असतात. सत्तरी-ऐंशीनंतरही आपल्याच घरात, शक्य तितके स्वतःच्या हिमतीवर राहण्याची ज्यांची इच्छा आहे, त्यांनी एके रात्री हा रस्ता सावकाश चालून पाहावा, आणि हात कशाचा आधार घेतो, पाय कुठे अडखळतो व दिव्याचे बटण किती लांब आहे, हे कागदावर टिपून ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार अपघाती दुखापतींतून होणाऱ्या मृत्यूंच्या कारणांमध्ये पडण्याचा क्रमांक जगात दुसरा आहे आणि अशा मृत्यूंत साठीच्या पुढील व्यक्तींची संख्या सर्वाधिक आहे; त्यामुळे ही टिपणे किरकोळ समजू नयेत.

या रस्त्यावरची पायपुसणी आणि सुटे गालिचे उचलून टाकावेत, विजेच्या वायरी भिंतीलगत बांधून घ्याव्यात, आणि पलंगाच्या कडेवर बसल्यावर दोन्ही पावले जमिनीला पूर्ण टेकतील व गुडघे काटकोनात राहतील, एवढीच पलंगाची उंची ठेवावी. उठल्यावर मिनिटभर कडेवर बसून मगच उभे राहण्याची सवय आजपासूनच लावून घ्यावी.

न्हाणीघरासाठी मात्र वेळ आणि पैसा हात न आखडता खर्च करावा. माझ्या आईचा तिथे एकदा तोल गेला, तेव्हा तिचा हात आपोआप टॉवेलच्या दांडीकडे गेला. दांडी दोन बारीक स्क्रूंवर बसवलेली होती. एक स्क्रू गिलाव्यासकट बाहेर आला आणि दांडी एका बाजूने लोंबकळू लागली. दुसरा हात वॉशबेसिनच्या कडेवर होता, म्हणून ती सावरली. भिंतीला पडलेले ते बोटभर भोक पाहिल्यावर माझ्या लक्षात आले की, तोल जाताना माणूस हाताला लागेल ते धरतो, म्हणून हात जिथे जातो तिथेच अंगाचा पूर्ण भार पेलणारी वस्तू असायला हवी. आम्ही टॉवेलची दांडी काढून बरोबर त्याच जागी आधाराचा दांडा बसवला.

असा दांडा बसवताना काही मोजमापे लक्षात ठेवावीत. अमेरिकेतील सुगम्यतेच्या मानकांनुसार गोल दांड्याचा व्यास ३२ ते ५१ मिलिमीटर, भिंतीपासून अंतर ३८ मिलिमीटर, जमिनीपासून उंची ८४ ते ९१ सेंटिमीटर आणि भार पेलण्याची क्षमता किमान ११३ किलो असावी लागते. भिंतीपासूनचे अंतर याहून बरेच जास्त ठेवले, तर घसरलेला हात कोपरापर्यंत मध्ये अडकू शकतो. उंची मात्र ज्याच्यासाठी दांडा बसवायचा त्या व्यक्तीला तिथे उभे करून आणि बसवून ठरवावी, कारण आखूड बांध्याच्या माणसाला बसल्यावर नव्वद सेंटिमीटरचा दांडा खांद्याजवळ येतो. दांडा विटांच्या किंवा काँक्रीटच्या पक्क्या भिंतीतच रोवावा. पोकळ भिंत असेल, तर आत लाकडी किंवा धातूची पट्टी घालून मगच स्क्रू पिळावेत. रबरी चकत्यांनी टाइलवर चिकटणारे दांडे सोयीचे दिसतात, पण त्यांच्यावर शरीराचा भार कधीही सोपवू नये.

कमोडची उंची ४३ ते ४८ सेंटिमीटर असल्यास बहुतेकांना उठणे सोपे जाते. ती कमी असेल, तर वरून बसवायची उंच बैठक मिळते. स्नानासाठी पाठ असलेली, पायांना रबर लावलेली खुर्ची आणि हातात धरायचा शॉवर घ्यावा. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्याने काही सेकंदांतच गंभीर भाजते आणि वयानुसार त्वचा पातळ झालेली असते, म्हणून नळातून येणारे पाणी ४९ अंशांच्या वर जाणार नाही असा मिक्सर बसवून घ्यावा. शेवटी दाराकडे वळावे: ते आत उघडत असेल आणि माणूस आतल्या बाजूला दाराला टेकून पडला असेल, तर मदतीला आलेल्यांना दार ढकलताच येत नाही. बिजागऱ्या बदलून दार बाहेर उघडेल असे करावे आणि कडी बाहेरूनही उघडता येईल अशी लावावी. हे काम एका दिवसात होते, आणि तरीही बहुतेक घरांत ते राहून जाते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

प्रकाशाचा विचारही डोळ्यांच्या वयानुसार करावा लागतो. वयाबरोबर बाहुली लहान होते आणि डोळ्यातील भिंग पिवळसर व दाट होते, त्यामुळे साठीतील माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतील माणसाच्या तुलनेत साधारण एक-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. तरुण मुलांना जो उजेड भरपूर वाटतो, तो आईवडिलांना अपुरा का वाटतो, याचे कारण हे आहे. दिवे वाढवताना ते डोळ्यांवर चमकणार नाहीत याची काळजी घ्यावी, आणि रात्रीच्या रस्त्यावर हालचाल होताच लागणारे मंद दिवे गुडघ्याच्या खालच्या उंचीवर बसवावेत. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला फरशीपेक्षा वेगळ्या, ठळक रंगाची पट्टी लावावी, दोन्ही बाजूंना कठडा असावा आणि तो शेवटच्या पायरीच्या थोडा पुढेपर्यंत न्यावा. पायऱ्या उतरताना दुहेरी भिंगांच्या चश्म्याचा खालचा, वाचनाचा भाग वापरला जातो आणि पायरीची कड धूसर दिसते. चालण्यासाठी दूरचा वेगळा चष्मा ठेवणे अधिक सुरक्षित ठरते.

दारांच्या गोल मुठी काढून आडवे हँडल बसवावेत, आणि रोज लागणाऱ्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर आणून स्टुलावर चढण्याची गरजच संपवावी. घराची डागडुजी निघालीच असेल, तर दारांची मोकळी रुंदी किमान ८१ सेंटिमीटर करून घ्यावी, म्हणजे पुढे चाकांची खुर्ची लागली तरी भिंती फोडाव्या लागणार नाहीत. पायऱ्यांऐवजी उताराचा रस्ता (रॅम्प) करताना एक सेंटिमीटर उंचीसाठी किमान बारा सेंटिमीटर लांबी धरावी.

इतके करूनही मांड्यांत जोर नसेल, तर घराची तयारी अर्धवटच राहते. जागतिक आरोग्य संघटनेने ज्येष्ठांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम सुचवलेला आहे, आणि वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१९ मधील संकलित आढाव्यात व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. हाताचा आधार न घेता खुर्चीतून सावकाश उठणे-बसणे आणि ओट्याला किंवा टेबलाला धरून एका पायावर उभे राहणे, इतक्या साध्या गोष्टींनी सुरुवात करता येते; सांधे किंवा हृदयाचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. त्याच भेटीत सर्व औषधे पिशवीत घालून समोर ठेवावीत आणि कोणत्या गोळीने गुंगी येते, कोणत्या गोळीने उभे राहताना रक्तदाब उतरतो, हे विचारून घ्यावे. झोपेच्या गोळ्यांबद्दल तर आवर्जून विचारावे, मात्र कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

पडल्यानंतर उठायचे कसे, याचा सरावही धडधाकट असतानाच, कोणीतरी जवळ असताना करावा. तासन्‌तास जमिनीवर पडून राहावे लागल्याने शरीरातील पाणी कमी होते आणि स्नायूंना इजा होते, म्हणून हे कौशल्य महत्त्वाचे आहे. आधी कुठे दुखापत झाली आहे का ते पाहावे. तीव्र वेदना असेल, तर हलू नये आणि मदत बोलवावी. दुखापत नसेल, तर कुशीवर वळून हात-गुडघ्यांवर यावे, जवळच्या भक्कम खुर्चीपर्यंत रांगत जावे, दोन्ही हात बैठकीवर टेकून जोर असलेल्या पायाचे पाऊल पुढे रोवावे, अंग वर उचलावे आणि वळून बसावे. फोन किंवा मदतीची घंटा गळ्यात अथवा मनगटावर असावी, कारण टेबलावरच्या फोनपर्यंत जमिनीवरून हात पोहोचत नाही.

उरलेले काम बोलण्याचे आहे, आणि घरोघरी तेच सर्वात जास्त पुढे ढकलले जाते. रोज ठरलेल्या वेळी कोण फोन करणार, घराची दुसरी किल्ली कोणाकडे राहणार, व्यवहारांसाठी मुखत्यारपत्र कोणाच्या नावे करायचे, आणि कोणत्या परिस्थितीत मदतनीस ठेवायचा किंवा घर सोडायचे, हे स्वतः निर्णय घेता येत असताना कुटुंबासमोर स्पष्ट सांगावे आणि लिहून, तारीख घालून ठेवावे. दर वर्षी तो कागद काढून परिस्थिती बदलली असल्यास दुरुस्त करावा, आणि त्याच दिवशी आधाराच्या दांड्यांचे स्क्रू हलत नाहीत ना, हेही हाताने ओढून पाहावे.