मिनेसोटात पहिली शिकारी बंदूक: बारा गेज नको, वीस घ्या

ऑक्टोबर लागला की ऑफिसातलं कुणीतरी म्हणतंच, ‘चल फेझंटला,’ म्हणजे कोंबड्यासारख्या एका रानपक्ष्याच्या शिकारीला. आपल्याकडे १९७२च्या कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला, त्यामुळे इथे येऊन बंदूक घेणाऱ्या बहुतेकांची पाटी कोरी असते. त्यांनी दुकानाची पायरी चढण्याआधी आपला व्हिसा बघावा.

एच-वन, एच-फोर, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूकच काय, एक काडतूसही जवळ ठेवता येत नाही. सर्वसाधारणपणे शिकारीचा चालू परवाना असेल तरच सूट मिळते. परवाना कुठल्याही राज्याचा चालतो, पण मुदतीतला हवा. मिनेसोटाचा परवाना फेब्रुवारीअखेर संपतो. म्हणजे १ मार्चला बंदूक कपाटात आणि परवाना मागच्या वर्षीचा, एवढ्यानेही तुम्ही कायद्याबाहेर जाता. परवान्याआधी नेमबाजीच्या रेंजवर मित्राची बंदूक ‘जरा धरून बघणं’ही त्यातच आलं. बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर प्रकरण थेट देशाबाहेर काढण्यापर्यंत जाऊ शकतं. ग्रीन कार्ड असेल तर ही अट नाही.

तेव्हा आधी सेफ्टीचा कोर्स, मग परवाना आणि फेझंटचा स्टॅम्प (त्या पक्ष्यासाठीची जादा परवानगी), बंदूक सगळ्यात शेवटी. कोर्सचं प्रमाणपत्र ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्यांना साधारणपणे लागतं. दुकानात बंदूक खरेदीचा ४४७३ नंबरचा फेडरल फॉर्म भरावा लागतो. आयडीवर सध्याचा पत्ता हवा. घर बदललं असेल तर आधी तो बदलून घ्या. गांजाबद्दलचा प्रश्न नीट वाचा: मिनेसोटात गांजा चालतो, या फॉर्मला ते मान्य नाही. आणि बंदूक तुमची, पण फॉर्म ग्रीन कार्डवाल्या मित्राच्या नावाने, हा प्रकार कुणी सुचवला तरी करू नका.

आता गेज. नळीत नेमक्या बसतील अशा सारख्या किती गोळ्या एक पौंड शिशातून होतात, तो आकडा म्हणजे गेज. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक. आपल्याकडची ‘बारा बोअर’ साधारण १८.५ मिलिमीटर, वीस १५.६, अठ्ठावीस १४. बारीक नळीचे छर्रे हळू जातात हा गैरसमज आहे. वेग जवळपास तोच असतो, फक्त छर्रे कमी. सहा नंबरचे शिशाचे छर्रे औंसाला साधारण २२५ भरतात. विसाच्या एक औंसाच्या काडतुसात तेवढे, अठ्ठाविसाच्या पाऊण औंसात १७०च्या आसपास. पंधरा-वीस यार्डांवर उठणाऱ्या रफ्ड ग्राउस या जंगलातल्या पक्ष्यासाठी १७० पुरतात. नोव्हेंबरातला हुशार झालेला फेझंट पस्तीस यार्डांवर उठतो, तिथे एवढ्या छर्ऱ्यांचा पडदा विरळ होतो आणि पक्षी जखमी होऊन गवतात नाहीसा होतो. अठ्ठावीस हातात फार गोड लागते, पण गावातल्या छोट्या दुकानात तिची काडतुसं मिळतीलच असं नाही आणि मिळाली तर महाग. चारशे दहा (हा गेज नव्हे, नळीचा .४१० इंच व्यास) तर नवख्यासाठी नाहीच. ती नेमबाजाची बंदूक आहे.

म्हणून वीस. त्यात तीन इंची चेंबरची (काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग) घ्या, पण तीन इंची जड काडतुसं रोज वापरू नका. जुना ठोकताळा असा, की बंदुकीचं वजन काडतुसातल्या छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट हवं. एक औंसाला ९६ औंस, म्हणजे सहा पौंड. साडेपाच पौंडी हलक्या विसात सव्वा औंस भरलात तर खांदा बारापेक्षा जास्त दुखतो, आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही चाप ओढताना डोळे मिटायला लागता. नवख्याला पंपवाली (पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायची) रेमिंग्टन ८७० पुरते. एकावर एक अशी जोडनळी हवी असेल तर ब्राउनिंग सिटोरीसारखी.

गेजपेक्षा मापाने जास्त घोळ होतो. कारखान्यातून येणारा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग, साधारण सव्वाचौदा ते साडेचौदा इंच लांबीचा असतो. उंची साडेपाच फुटांच्या आत असेल, त्यात जाड जॅकेट, तर त्याची टाच काखेत अडकते आणि बंदूक खांद्याऐवजी दंडावर बसते. म्हणून जॅकेट अंगात घालूनच दुकानात जा. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, डोळे मिटून ती खांद्याला लावा, मग डोळे उघडा. नजर थेट नळीवरून जायला हवी आणि नाक व चाप ओढणाऱ्या हाताचा अंगठा यांत दोन बोटांचं अंतर हवं. दस्ता लांब पडला तर गनस्मिथ तो कापून देतो. नाहीतर छोट्या मापाचं मॉडेल बघा, त्यात कमीपणा नाही.

चोक, म्हणजे छर्रे एकत्र ठेवायला नळीचं तोंड किती अरुंद ते: सुरुवातीला कमी अरुंद इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, फेझंटला उशिराच्या हंगामात जास्त अरुंद मॉडिफाइड. मग तीस इंची वर्तुळ काढलेल्या कागदावर पंचवीस यार्डांवरून तीन बार, दर वेळी नवा कागद. छर्ऱ्यांच्या खुणांमध्ये तळव्याएवढ्या मोकळ्या जागा दिसत असतील तर चोक किंवा काडतूस बदला. फेडरल वॉटरफाउल प्रॉडक्शन एरियात (पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या सरकारी जागेत) शिसं चालत नाही, तिथे स्टील. आणि स्टील हलकं, म्हणून सहाऐवजी चार नंबर, म्हणजे जरा मोठे छर्रे.

विसाची काडतुसं पिवळी असतात ती उगाच नव्हे. वीसचं काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे अडकतं. चेंबर रिकामं दिसतं, मागून बाराचं भरलं जातं आणि नळी फुटते. अठ्ठावीसचं विसात असंच अडकू शकतं. एका खिशात दोन गेज कधीही नको.

डिसेंबरात भारतात जाताना शिकारीचं जॅकेट सोबत नेऊ नका. अस्तरात राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं, की शस्त्र कायद्याचं प्रकरण उभं राहतं.