छोट्या पोकलेनने अंगणातले मोठे धोंडे कसे काढावेत

३ टनी पोकलेन ३ टनांचा धोंडा उचलेल, असं समजून मशीन भाड्याने आणणारे खूप भेटतात. ते ३ टन म्हणजे मशीनचं स्वतःचं वजन. हात पूर्ण लांबवला की असं मशीन काही शे किलोच उचलतं, आणि तेच आडव्या बाजूला वळवलं तर त्याहूनही कमी. मग लगेच दुसरा सल्ला येतो, की मोठं मशीन मागवा. ते फाटकातून आत शिरत नाही, आणि शिरलंच तर फरशी, पाण्याची लाइन आणि झाडांची मुळं चेपून जातं. छोटं मशीनच पुरतं. फक्त धोंडा उचलायचा हट्ट सोडावा लागतो. तो लोळवत वर आणायचा असतो.

जमिनीखालून जाणारे पाइप, केबल आणि सेप्टिक टँक कुठे आहेत हे तुम्ही आधीच बघितलं असेल, असं धरून चालतो.

धोंडा आहे की कातळ?

वर दिसतं ते टोक असतं. खाली किती आहे हे आधी कळायला हवं, नाहीतर दिवसभर कातळ खाजवत बसाल. पहारीने दगडावर ठोका आणि हात दुसऱ्या टोकाला ठेवा. सुटा धोंडा बहुधा बद्द वाजतो, हाताला थरथर जाणवते. अखंड कातळ खणखणीत वाजतो. पण आवाजावर सगळी भिस्त ठेवू नका. बकेटचे दात एका कडेला लावून हलकंच रेटा आणि दगड व माती जिथे भेटतात ती रेघ बघा. तिथे केसासारखी फट उघडली, मातीचे कण आत घरंगळले, तर धोंडा सुटा आहे. रेघ जशीच्या तशी राहिली आणि मशीनच मागे सरकलं, तर आणखी खणून बघा. तरीही फट पडत नसेल तर तो कातळ समजा. तो ब्रेकरने फोडायचा किंवा बागेत सामावून घ्यायचा.

वजनाचा अंदाज काढणं सोपं आहे. लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये मोजून गुणाकार करा, आणि दगड गोलसर असतो म्हणून त्याला ०.६ ने गुणा. कठीण दगडाचं वजन घनमीटरला साधारण २.६ ते ३ टन भरतं. म्हणजे १ मीटर लांब, ८० सेंटिमीटर रुंद आणि ७० सेंटिमीटर उंच धोंडा ९०० किलोच्या आसपास जातो. तिन्ही मापं दुप्पट झाली की वजन आठपट होतं. डोळ्यांना मात्र ते दुप्पटच वाटतं.

हा आकडा मशीनच्या लोड चार्टशी, म्हणजे हात किती लांब असताना किती वजन उचलता येतं त्या तक्त्याशी, ताडून बघा. चार्टमधली उचल सहसा मशीन उलटण्याच्या वजनाच्या ७५ टक्के किंवा हायड्रॉलिक ताकदीच्या ८७ टक्के, यांपैकी जे कमी ते धरून दिलेली असते आणि ती सपाट, घट्ट जमिनीवरची असते. खालची बारीक अक्षरंही वाचा. बऱ्याच चार्टमध्ये बकेटचं वजन त्यातून वजा करायचं असतं.

मशीन कुठे उभं करायचं

ट्रॅक (मशीनचे पट्टे) धोंड्याच्या दिशेने सरळ, ब्लेड (ट्रॅकसमोरचं माती ढकलायचं पातं) पुढे, आणि ते जमिनीत दाबून बसवलेलं. ब्लेड मागे ठेवून काम करणारे ऑपरेटर बघितले की माझा जीव वरखाली होतो. ब्लेड पुढे असलं की मशीन धोंड्याकडे ओढलं जात नाही, आणि धोंडा अचानक पुढे आलाच तर तुमच्या आणि त्याच्यामध्ये काहीतरी असतं.

खड्ड्याच्या काठापासून निदान खड्ड्याच्या खोलीइतकं अंतर ठेवा. माती भुसभुशीत असेल तर त्याहून जास्त. जमीन उताराची असेल तर मशीन नेहमी वरच्या अंगाला. धोंड्याच्या खालच्या अंगाला मशीनही नको आणि माणूसही नको.

भोवती खणणं

चारही बाजूंनी माती काढा, धोंड्याचं पोट जिथून आत वळायला लागतं त्याच्याही खाली जा. मशीनच्या पलीकडची चर बकेट मोकळी फिरेल इतकी रुंद हवी. पुढचं सगळं काम तिथूनच होणार आहे. मशीनच्या बाजूला सरळ भिंत ठेवू नका, उतार कापा. जितका लांब तितका चांगला. निघालेल्या मालाचे दोन ढीग करा: मुरूम आणि फुटके दगड एकीकडे, चिकण माती दुसरीकडे. याचं कारण लगेच कळेल.

धोंडा वर आणणं

याच टप्प्याने मला सगळ्यात जास्त छळलं आणि याच टप्प्यावर सगळ्यात जास्त फालतू सल्ले मिळतात. म्हणून जरा सावकाश सांगतो.

आधी मशीनची ताकद कुठे आहे ते समजून घ्या. बूम (हाताचा मशीनकडचा मोठा भाग) वर उचलण्यात ती कमी असते, बकेट आत वळवण्यात जास्त. बकेट आत वळताना तिचा सिलिंडर बाहेर येतो आणि तेलाचा दाब पिस्टनच्या पूर्ण चकतीवर पडतो. बकेट उघडताना त्याच पिस्टनच्या मधोमध दांडा असतो, त्यामुळे दाबाला जागा कमी मिळते आणि जोरही कमी पडतो. म्हणूनच आपल्या बाजूने दात खाली घालून बकेट उघडत धोंडा उचकटण्यात फारसा अर्थ नाही. हात धोंड्यावरून पलीकडे न्या, दात पलीकडच्या पोटाखाली घाला आणि बकेट आपल्याकडे वळवा.

पहिल्या झटक्यात तो बाहेर येईल अशी अपेक्षा ठेवू नका. पहिलं काम फक्त खालची पकड सोडवायचं. ओल्या चिकण मातीत धोंडा असा चिकटलेला असतो की वजनापेक्षा तिथली ओढच जास्त वाटते. बकेट हळू वळवा, जोर आला की तसाच धरून ठेवा आणि थांबा. पोटाखालून हवा शिरल्याचा फस्स असा आवाज येतो, कधी नुसताच चिखल हलतो, आणि धोंडा बोटभर उठतो. ओढ सुटली.

‘पाणी सोडा, माती मऊ होईल’ हा सल्ला देणाऱ्याने पुढचं काम स्वतः केलेलं नसतं. पाण्याने खड्ड्याच्या भिंती ढासळतात, ट्रॅक घसरतात आणि पोटाखाली असा चिखल होतो की तिथे काहीच टेकत नाही. शक्य असेल तर उलट करा: खणून ठेवा आणि दोन-तीन दिवस ऊन लागू द्या.

आता खरी युक्ती. धोंडा एका दमात वर काढायचा नाही. पलीकडून वळवत तो आपल्याकडच्या उतारावर कलता करायचा आणि तिथे टेकवून सोडायचा. टेकला की पलीकडे त्याच्याखाली पोकळी दिसते. त्या पोकळीत मुरूम आणि फुटके दगड टाका आणि बकेटच्या पाठीने दाबून बसवा. आता पुन्हा दात पलीकडून खाली घाला. या वेळी तळ वीतभर वर आलेला असतो, त्यामुळे धोंडा थोडा आणखी चढतो. पुन्हा टेकवा, पुन्हा भरा. खड्डा बुजत जातो आणि धोंडा वर येत जातो. शेवटी तो अंगणाच्या पातळीला येतो तेव्हा निम्मा खड्डाही भरून झालेला असतो.

धोंडा उताराला टेकत नसेल, परत घसरत असेल, तर उतार फार गुळगुळीत कापला गेला आहे. त्यात बकेटने रुंद, उथळ खाचा पाडा, पायऱ्यांसारख्या. धोंड्याची कड खाचेत बसली की तो तिथेच थांबतो. खाच फार खोल केलीत तर तीच पुढच्या खेपेला आडवी येते. चार-पाच बोटं पुरे.

भरण्याच्या मालाबद्दल मी अजिबात तडजोड करत नाही. चिकण माती दाबली की पिळून बाजूला निघते आणि धोंडा परत खाली बसतो. गोल गोटे तर त्याहून वाईट, त्यांच्यावरून धोंडा सरकायला लागतो. कोनदार फुटके दगड एकमेकांत अडकतात, त्यांच्या फटीत मुरूम बसतो. ढीग वेगळे करायला सांगितले ते यासाठी.

दात कुठे लावायचे हेही दर खेपेला बदलतं. सुरुवातीला खाली, अगदी पोटाखाली, कारण तेव्हा कड उचलायची असते. धोंडा निम्म्याहून जास्त कलला की पकड वर घ्या आणि माथ्याकडून ओढा. आता त्याला फक्त पालथा पाडायचं असतं आणि तिथे वरची पकड जास्त कामाची. माथा गोल असेल तर दात सटकतात आणि हात एकदम मोकळा सुटून केबिनकडे येतो. म्हणून आधी खाच, भेग, टोक शोधा. काहीच नसेल तर वरून ओढू नका, आणखी एक-दोन थर भरून खालूनच न्या.

सगळा वेळ एक कान इंजिनकडे आणि एक डोळा ट्रॅकच्या मागच्या टोकाकडे हवा. ते टोक जमिनीवरून सुटलं, अगदी बोटभर जरी, की लिव्हर सोडून बकेट हळूच खाली. ‘अजून थोडं’ म्हणत ओढत राहिलात आणि दात निसटले तर मशीन धाडकन मागे आपटतं. मागे वजन म्हणून माणसं उभी करणाऱ्यांशी मी वादही घालत नाही, मशीन बंद करतो.

आणखी दोन गोष्टी करू नका. वरचा भाग फिरवून बकेटच्या बाजूने धोंड्याला धडका देऊ नका. फिरवण्याचे गिअर आणि बूमच्या पिना त्यासाठी बनलेल्या नसतात. आणि बकेट उंचावरून आपटून दगड फोडायला जाऊ नका. दगड फुटत नाही, दात आणि वेल्डिंग फुटतं.

धोंडा टेकलेला असताना खड्ड्यात कुणीही उतरायचं नाही. तुटकी पहार काढायला नाही, साखळी नीट करायला नाही, फोटोसाठी तर नाहीच.

साखळीबद्दल

अगदीच गोल धोंडा असेल तर साखळी लागते. ती उचलण्यासाठीच बनवलेली हवी, साधारण ग्रेड ८० ची, आणि तिच्या पट्टीवर क्षमता लिहिलेली हवी. पोटाखालून दोन वेढे एकमेकांना छेदून घ्या. एकच वेढा घेतलात तर धोंडा त्यातून निसटतो. दुसरं टोक मशीनच्या लिफ्टिंग हुकला अडकवा. दातांना साखळी अडकवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात वाईट सवय आहे. ओढताना साखळीच्या रेषेत आणि तिच्या लांबीच्या आत कुणी उभं राहू नये. दोर, गाडी ओढायचा पट्टा, विहिरीचं वायर, यातलं काहीही नको.

तरीही येत नसेल तर

फोडा. वजन मशीनच्या आवाक्याबाहेर असेल तर दिवसभर झुंजण्यापेक्षा ड्रिल मशीन आणा. दगडाच्या नैसर्गिक रेषा बघून एका ओळीत १५ ते २० सेंटिमीटर अंतरावर भोकं पाडा, त्यात पाकळ्यांच्या पाचरी (दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये ठोकायची पाचर) बसवा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येकीवर एकेक ठोका देत जा. एकाच पाचरीवर घण घालत बसू नका. ताण वाढत जातो तसा ठोक्याचा आवाज चढत जातो. आवाज चढला की हात थांबवा, काही मिनिटं जाऊ द्या. बऱ्याचदा दगड त्या शांततेतच तडकतो.

दुसरा मार्ग म्हणजे फुगणारी पावडर, चुन्याच्या जातीची. पाण्यात कालवून भोकांत भरली की ती काही तासांपासून एखाद्या दिवसात फुगून दगड चिरते. पाकिटावर लिहिलेलं तापमान बघूनच घ्या. भरल्यावर भोकात वाकून बघू नका. उष्णतेने ती कधीकधी उसळून बाहेर उडते आणि डोळ्यांत गेली तर इजा गंभीर होते. चश्मा आणि रबरी हातमोजे दोन्ही हवेत.

तिसरा मार्ग, शेजारीच खोल खड्डा खणून धोंडा त्यात लोटून पुरण्याचा. माथ्यावर निदान ६० सेंटिमीटर माती येणार असेल आणि तिथे पुढे बांधकाम होणार नसेल तर चांगला. धोंड्याखालून माती पोखरत हा खड्डा खणू नका. मध्ये मातीची जाड भिंत ठेवून खड्डा पूर्ण करा आणि ती भिंत सगळ्यात शेवटी काढा.

हलवणं आणि खड्डा बुजवणं

बाहेर आलेला धोंडा ब्लेडने ढकलत न्या. उचलून न्यायचाच असेल तर गुडघ्याखाली ठेवा. डंपरमध्ये टाकण्याआधी तळाला मातीचा थर द्या आणि धोंडा टेकवा, सोडू नका.

उरलेला खड्डा १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी भरा आणि प्रत्येक थर दाबा. चिकण मातीचा ढीग आता वापरा, वरच्या थराला. जमिनीपेक्षा थोडा उंचवटा ठेवा, आणि दोन-चार घमेली माती बाजूला राखून ठेवा. पहिल्या मोठ्या पावसानंतर तिथे खळगा पडतोच, तेव्हा ती लागते.