दर घासता, वजन बघत नाही: किराण्यातल्या या चुका टाळा

बेळगावच्या रविवार पेठेत किलोमागे दोन रुपये कमी करून घ्यायला आपण दहा मिनिटं उभे राहतो. पण पिशवीत नेमकं किती पडलं, कोरडं पडलं की ओलं, आणि घरी आणल्यावर त्यातलं किती पोटात गेलं, हे फारसं कुणी बघत नाही. मी शहापुरात पाच माणसांचा संसार चालवते आणि महिन्याचा हिशेब वहीत लिहिते. त्या वहीवरूनच सांगते, आमचे जास्तीत जास्त पैसे गेले ते दर बघून वजन न बघितल्यामुळे.

तेलाचा डबा लिटरचा की किलोचा?

दिवाळीच्या आधी एकदा मी तेलाचा डबा घेतला. नेहमीच्या डब्यापेक्षा शंभरावर रुपये स्वस्त मिळाला म्हणून खूश होते. घरी येऊन बघितलं तर डब्यावर १५ लिटर लिहिलेलं. आधीचा डबा १५ किलोचा होता.

तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल असतं १३ किलो ६५० ग्रॅम. समजा १५ किलोचा डबा २,२५० रुपयांना आहे, तर किलो पडलं १५० ला. १५ लिटरचा डबा २,१३० ला मिळाला तर स्वस्त वाटतो, पण तेच तेल किलोला १५६ रुपये पडतं. डबे दिसायला सारखेच असतात. त्यामुळे डबा उचलण्याआधी तो लिटरचा आहे की किलोचा, एवढं बघाच. पाकिटांचंही तसंच आहे. एक लिटरच्या पाकिटाशेजारी ८५० ग्रॅमचं किंवा ८०० मिलीचं ठेवलेलं असतं आणि नजर फक्त किमतीवर जाते. छापील किमतीजवळ बारीक अक्षरात ग्रॅमला किंवा मिलीला किती पैसे पडतात तेही दिलेलं असतं. चष्मा काढायचा कंटाळा करू नका, तुलना त्याच आकड्याची करा.

ओली मिरची

आपल्याकडे वर्षाची चटणी, म्हणजे लाल तिखट, हा घरातला मोठा खर्च. एका वर्षी मी ३०० रुपये किलोनं पाच किलो मिरची आणली. रंग सुंदर, दरही बरा. तीन दिवस गच्चीवर वाळवली आणि डंकावर कुटायला नेण्याआधी सहज वजन केलं, तर सव्वाचार किलो. देठं काढल्यावर चार किलोच्या आतच. हिशेब मांडला तेव्हा ती मिरची मला किलोला ३८० रुपयांना पडली होती. शेजारच्याच गाळ्यात कडकडीत वाळलेली, देठ काढलेली मिरची ३५० ला होती आणि मी ती महाग म्हणून सोडून आले होते.

त्याच वर्षी सासूबाईंनी मला शिकवलं. मूठभर मिरची कानाजवळ धरून हलवायची. आतल्या बिया खुळखुळल्या तर वाळलेली. मग एक मिरची मोडायची, कट्कन तुटली तर घ्यायची, चामड्यासारखी वाकली तर पुढच्या गाळ्यावर जायचं.

दुसरी चूक म्हणजे सगळी ब्याडगीच घेणं. ब्याडगी रंगाला आहे, तिखटपणा तिच्यात कमी. मग आमटीला एक चमचा पुरत नाही, दोन घालावे लागतात आणि वर्षाची चटणी आठ महिन्यांत संपते. थोडी संकेश्वरी किंवा लवंगी मिसळली की चटणी पुरवठ्याला येते.

वर्षाचं धान्य भरताना

सुगीला शाळू (ज्वारी), तांदूळ, तूरडाळ भरून ठेवावी हे खरं. नवा माल आलेला असतो आणि दर उतरलेला असतो. पण आपल्या पावसाचा विचार केला नाही तर तीच बचत श्रावणात सोंड्यांच्या पोटात जाते. खानापूरकडच्या घरांत तर भिंतींनाही ओल येते.

किडे बाहेरून येतात असं वाटतं, पण पुष्कळदा त्यांची अंडी दाण्याबरोबरच घरात आलेली असतात आणि दमट हवा मिळाली की फुटतात. म्हणून शाळू, गहू आणि डाळी एप्रिल-मेच्या उन्हात कडक वाळवा. वाळवलेलं धान्य गरम असताना डब्यात भरू नका, आत घाम धरतो आणि तिथूनच सुरुवात होते. रात्रभर निववून सकाळी भरा. तांदूळ मात्र कडक उन्हात घालू नका, दाणा तडकतो आणि भाताचा लगदा होतो. तो सावलीत पसरून वारा लागू द्या. कडुलिंबाचा पाला घालणार असाल तर आधी वाळवून घाला, हिरवा पाला स्वतःच ओल सोडतो. पोतं फरशीवर टेकवू नका, खाली लाकडी पाट हवा.

एवढं करूनही जाळी धरलीच तर सगळं फेकायची घाई नको. पाखडून, चाळून, वाळवून आधी तेच संपवा आणि चांगल्या डब्यांपासून लांब ठेवा. वास लागला असेल, बुरशी दिसत असेल, तर मात्र मोह करू नका.

ज्यांच्या घरात वाळवायला जागा नाही त्यांनी वर्षाचं भरूच नये. महिन्याचं आणलेलं परवडतं.

पाकीटबंद डाळ, तांदूळ, पीठ

१८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी आहे. समोर वजन करून दिलेल्या सुट्या मालावर तो नाही. बाजारात तांदळाची २६ किलोची पोती दिसतात ती म्हणूनच. दुकानदार ओळखीचा आणि माल स्वच्छ असेल तर सुटी डाळ घ्या.

भाजी आणि काटा

बेळगावची भाजी मोठ्या प्रमाणात गोव्याला जाते. गणपतीत तिकडची मागणी वाढली की इकडे दर चढतात, तेव्हा कांदा-बटाटा आधीच आणून ठेवा. बाजारात वाट्यावर किंवा मापट्यानं घेताना वरचा ढीग बघून भुलू नका. एकदा घरी नेऊन वजन करा म्हणजे वाट्याला किती बसतं ते कळतं.

काट्यावर काही ठेवण्याआधी आकडा शून्य आहे का बघा. बघायला लाज कसली? इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन खात्याकडून दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते आणि त्यावर शिक्का असतो. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले किंवा वजनात मारलं आणि दुकानदार ऐकेना, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तिथं मराठीतूनही बोलता येतं. फोन करताना बिल आणि पाकीट दोन्ही हाताशी ठेवा.