सीनेतली मुरी: उन्हाळ्यात डोह कसा राखायचा

मुरी हा बोटाएवढा मासा, अंगावर काळपट ठिपके, तोंडाशी मिशा. बहुतेक वेळ वाळूत घुसून बसते, त्यामुळे ती नदीत आहे हेच अनेकांना ठाऊक नसतं. सीना, भोगावती या नद्या आटल्या की तिचा जीव दोन-चार डोहांवर येतो. म्हणून राखायचा तो डोह. मासे धरून हौदात ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

डोह फेब्रुवारीतच हेरा. बांबूवर फुटाच्या खुणा करून खोली मोजा: मध्यावर चार फूट तरी पाणी, एका काठाला सावली, तळाला मोकळी वाळू. वाळू हाताने उकरून पाहा. खाली काळा, कुजक्या अंड्यासारखा वास मारणारा गाळ लागला तर तो डोह सोडा. वाळूउपसा झालेले खड्डेही नकोत. पाणी दिसतं भरपूर, पण तळ नुसता चिखलाचा.

खरी लढाई पाणी उपसणाऱ्या मोटारींशी. ऊस उभा असताना मोटर बंद करा म्हटलं तर कुणी ऐकणार नाही, आणि ते बरोबरच आहे. फुटबॉल, म्हणजे पाण्यातल्या पाइपाच्या तोंडाची झडप, मात्र उचलून घेता येतो. तो तळापासून दोन फुटांवर लोखंडी तिवईला बांधा. पाणी तिथवर उतरलं की मोटर हवा धरते आणि खालचं पाणी राहतं. मोटर जळू नये म्हणून ड्राय रनचं यंत्र (पाणी तुटलं की मोटर बंद करणारं) बसवाच, नाहीतर शेतकरी पुढच्या आठवड्यात फुटबॉल परत खाली सोडेल. भोवती दोन मिलिमीटरची जाळी लावा, पण फुटबॉलपासून फूटभर लांब. घट्ट गुंडाळली तर ओढ एकाच जागी बसते आणि पिल्लं जाळीला चिकटून मरतात.

एप्रिल-मेमध्ये उजाडताना फेरी मारा. प्राणवायू तेव्हाच सर्वांत कमी असतो. मुरी वर येऊन हवा गिळते, ती तिची सवयच. बाकीचे बारके मासे पृष्ठभागावर तोंड मारू लागले तरच धोका समजा.

डोह आटणारच असेल तर त्याच नदीतल्या, शक्यतो वरच्या डोहात हलवा. पहाटे, नदीच्याच पाण्यात. नळाचं नको, त्यात क्लोरीन असतं. मच्छरदाणीने धरू नका: डोळ्याखालचा काटा जाळीत अडकतो आणि ओढताना मासा फाटतो. वाळूसकट वाटीने उचला. बादली नव्या डोहात अर्धा तास तरंगत ठेवा, मग थोडंथोडं तिथलं पाणी घालत सोडा. बादलीत चिलापीचं (तिलापिया, बाहेरून आलेला मासा) एखादं पिल्लू आलंय का, हे सोडण्याआधी बघा.