मातीची भट्टी आणि डब्यातलं मटण: कॅम्पवर या चुका टाळा

हिवाळा आला की मुंबईतला कुठला ना कुठला ग्रुप कर्जत नाहीतर मुरबाडला दोन दिवसांचा कॅम्प काढतो, थीम असते ‘पहिल्या महायुद्धातलं सैनिकी जेवण’, आणि भट्टी लावून द्या म्हणून मला फोन येतो. मी जातोही. पण दरवेळी त्याच त्याच चुका बघून डोकं उठतं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पहिली आणि सगळ्यात लाडकी चूक म्हणजे भट्टी नीट तापूच न देणं. ब्रिटिश आर्मीची आल्डरशॉट भट्टी म्हणजे काही फार मोठं यंत्र नाही, कमानीसारखे वाकवलेले लोखंडी पत्रे जोडून उभे करायचे आणि वरून चिखल-मातीचा जाड थर द्यायचा. आत लाकडं पेटवायची, तापली की निखारे, राख सगळं बाहेर ओढायचं, पाव लावायचे आणि तोंड बंद. म्हणजे पाव भाजतो तेव्हा आत आग नसतेच, काम करते ती मातीत मुरलेली धग. पत्रा नुसता नावाला.

मुरबाडच्या एका कॅम्पवर हौशी मंडळींनी मोठा ड्रम उभा चिरून झकास भट्टी बनवली होती, फक्त माती त्याच सकाळी लिंपलेली, ओलीकच्च. अर्ध्या तासात आतला पत्रा लालभडक, लगेच आरडाओरडा, तापली तापली! मी म्हटलं वरच्या मातीवर हात ठेवून बघा. गार. ओली माती आधी स्वतःचं पाणी उडवणार आणि मग तापणार, पण ऐकतंय कोण, सगळ्यांना भूक लागलेली आणि त्यातल्या एका साहेबांनी रीलमध्ये पाव वीस मिनिटांत झालेले बघितलेले. निखारे ओढले, पाव आत ढकलले आणि दर पाच मिनिटांनी दार उघडून ‘झाले का हो?’ निघाले तेव्हा खालून कोळसा, वरून पांढरेफटक, मधे कच्चं पीठ. शेवटी नाक्यावरच्या बेकरीतून लादी पाव आणून जेवलो.

माझी पद्धत सांगतो. माती आदल्या दिवशी लिंपायची, पेंढा घालून, आणि संध्याकाळी बारीक जाळ करून सुकवायची. सकाळी दोन-तीन तास सणसणीत जाळ. राख ओढली की तोंड बंद करून पंधरा-वीस मिनिटं गप्प बसायचं, धग सगळीकडे सारखी होऊ द्यायची. मग तळावर चिमूटभर मैदा टाकायचा, लगेच काळा पडला तर अजून थांबा, हळूहळू बदामी झाला तर पाव लावा, पांढराच राहिला तर परत लाकडं. थर्मामीटर-बिर्मामीटर मी वापरत नाही. दाराच्या फटी ओल्या मातीने बुजवा आणि मग तिकडे फिरकू पण नका. आपल्या जुन्या बेकऱ्यांत भट्टी रोज पेटते, पूर्ण गार होतच नाही, म्हणून तिथे सगळं पटापट होताना दिसतं (त्यांनाही हायकोर्टाने २०२५ मध्ये लाकूड सोडायला सांगितलं, तो वेगळा विषय).

दुसरी चूक जिवावरची. घरी काचेच्या बरणीत मटण भरून, पाण्यात उकळून, ‘आपलं होममेड बुली’ म्हणून घेऊन येणारे लोक (बुली म्हणजे ब्रिटिश सैनिकांचं डबाबंद खारवलेलं गोमांस, कॉर्न्ड बीफ). यांचा ठरलेला युक्तिवाद, बंद बरणीत अन्न टिकवायची पद्धत काढणारा तो फ्रेंच निकोला आपेर पण नुसतं उकळायचाच ना, त्याला तर सरकारने १२,००० फ्रँक दिले! हो, दिले, १८१० मध्ये. पण तेव्हा जंतू काय असतात तेच कोणाला माहीत नव्हतं. पुढे गोल्डनर नावाच्या कंत्राटदाराने ब्रिटिश नौदलाला डबाबंद मांस पुरवलं आणि १८५२ मध्ये गॉस्पोर्टच्या कोठारात डबे फोडले तर ढिगाने सडलेले. एक कारण असं सांगितलं गेलं की डबे फार मोठे होते, उष्णता मधल्या मांसापर्यंत पोचलीच नाही. म्हणजे मुरबाडच्या पावाचंच दुखणं, फक्त पाव कच्चा आहे हे निदान दिसतं तरी. बॉटुलिझम, म्हणजे बंद डब्यातल्या अन्नातून होणारी जीवघेणी विषबाधा, तिच्या जंतूंचे बीजाणू १०० अंशाला मरत नाहीत, त्यासाठी साधारण १२१ अंश लागतात आणि तेही डब्याच्या अगदी मध्यावर. कुकरमध्ये तापमान वर जातं, मान्य, पण बरणीतल्या घट्ट गोळ्याच्या पोटात ते किती वेळ टिकलं हे शिट्टी सांगत नाही. एकाने अशी बरणी दादरहून कर्जत लोकलने आणली, झाकण वर फुगलेलं, आणि वर म्हणतो चाखून बघू, वास तर ठीक आहे. वास ठीक असूनही माणूस जातो! बरणी तशीच बंद ठेवून फेकायला लावली, तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. चालेल. मटण ताजं आणा आणि तिथेच शिजवा, डबाच हवा तर फॅक्टरीतला घ्या.

त्यातही फुगलेला, गंजलेला किंवा सांध्यावर चेपलेला डबा घेऊ नका, स्वस्त मिळाला तरी. १९६४ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमध्ये ४०० च्या वर लोकांना टायफॉइड झाला तो कॉर्न्ड बीफच्या डब्यातून, कारखान्यात गरम डबे नदीच्या अशुद्ध पाण्यात गार केले होते, म्हणजे सांध्यातून पाणी आत.

बंद डबा निखाऱ्यात टाकू नका, फुटतो.

आणि कॅम्पच्या बॅनरवर ‘आपले मराठा शिपाई बुली बीफ खायचे’ असं कृपया छापू नका. ब्रिटिश फौजेतल्या हिंदी, म्हणजे भारतीय, पलटणींचं रेशन वेगळं होतं, आटा, डाळ, तूप, गूळ आणि मांसासाठी जिवंत बकरे. आजच्या इराकमधल्या कूतला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, अडकलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आलं, घोडे कापायला लागले, धर्मगुरूंची परवानगीही आणवली, तरी बऱ्याच हिंदी शिपायांनी शेवटच्या आठवड्यांपर्यंत घोड्याचं मांस खाल्लं नाही, क जीवनसत्त्वाअभावी होणारा स्कर्व्ही झाला तरी. हे माहीत नसताना त्यांच्या नावाने बीफची पाटी लावणं मला तरी पटत नाही.

राहिलेलं पटकन: भट्टीला गॅल्व्हनाइज्ड पत्रा नको, तापला की जस्ताचा विषारी धूर निघतो. ड्रमला रंग असेल तर आधी रिकामा जाळून घ्या. नदीतले ओले दगड चुलीला लावू नका, तडकून उडतात. आणि पाव बाहेर आला की लगेच कापू नका, आत अजून शिजत असतो, तासभर फळीवर राहू द्या, सुरी माझ्याकडेच असते.